आखातातली नोकरी आता ओळखीने मिळत नाही. दहावी-बारावीच्या मुलांनी काय शिकावे?

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत रस्ते, बंदरे, रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आपली माणसे तिकडे निघाली. मामूने किंवा चाचाने व्हिसा पाठवायचा, मुलाने पासपोर्ट काढायचा आणि काम तिथे जाऊन शिकायचे. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन भागातली कित्येक घरे या पैशावर उभी राहिली. त्याचबरोबर "दुबईलाच जायचंय तर शिकून काय करायचं?" हा विचारही घरात शिरला. यावर आपण फारसे उघड बोलत नाही.

तो रस्ता आता तसा राहिलेला नाही. २०१४ च्या मध्याला पिंपामागे १०० डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले. आपल्याच तरुणांना काम द्यावे म्हणून सौदीने २०११ पासून 'निताकत' सुरू केले होतेच. त्यात कंपनीकडे किती सौदी कामगार आहेत यावर तिचा दर्जा ठरतो. २०१६ मध्ये मोबाइल विक्री-दुरुस्तीची दुकाने परदेशी कामगारांना बंद झाली, २०१८ मध्ये इतर अनेक दुकानांत बंधने आली. अमिरातीतही ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी कंपन्यांना कुशल जागांवर दरवर्षी २ टक्के स्थानिक वाढवावे लागतात. तेल पुन्हा महागले, पण हे नियम मागे गेले नाहीत.

मुलांच्या शिक्षणावर थेट घाव बसला तो सौदीच्या कुटुंब शुल्काचा. जुलै २०१७ मध्ये घरच्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल लागू झाले, २०२० पर्यंत ते ४०० झाले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १,२०० रियाल! अनेक कुटुंबे परतली आणि तिथे इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना इथे मधल्याच इयत्तेत नव्याने जमवून घ्यावे लागले.

मग काम कुणाला मिळते? ज्याच्या हातात कसब आहे आणि त्याचा कागदही आहे, त्याला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी सौदीने व्हिसाआधी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असते. आयटीआयमध्ये वेल्डर किंवा प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. आपल्या घरात आयटीआय म्हणजे 'नापासांची शाळा' असा समज आहे. आमच्या मते, नोकरी न देणाऱ्या साध्या पदवीपेक्षा हा कोर्स कितीतरी बरा.

मुलींसाठी नर्सिंग आणि लॅब टेक्निशियनचा विचार व्हायला हवा. केरळच्या मुली वर्षानुवर्षे आखातातल्या रुग्णालयांत काम करत आहेत. तिथे नोंदणी परीक्षा असते, पदवी आणि अनुभवाची पडताळणी होते. ओळख चालत नाही. जीएनएमचा कोर्स तीन वर्षांचा आहे.

दहावी तर कुठल्याही परिस्थितीत पूर्ण करावी. दहावी पास असेल तर पासपोर्ट 'ईसीएनआर' मिळतो. नाहीतर सौदी, अमिराती, कुवेतसह १८ देशांत नोकरीला जाताना इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पैसे देण्याआधी बघता येते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार नडते: नाव. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', मार्कशीटवर 'मोहमद', पासपोर्टवर आडनाव आधी. प्रमाणपत्रांच्या साक्षांकनात फाइल अडते ती इथेच. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती करून घ्यावी. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना स्पेलिंग पालकांनी स्वतः तपासावे. पुढच्या शिक्षणाला पैसा कमी पडत असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करता येते. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन सुरू होतात, तेव्हा दाखले आधीच काढून ठेवावेत.