मग्यार वंशजांचा कुलशोध

मनुष्य देशांतर करतो तेव्हा भाषा, गाणी, सणवार आणि स्वयंपाकाच्या रीती ही शिदोरी तो आपल्याबरोबर नेतो. परंतु ती बहुधा तीन पिढ्यांहून अधिक पुरत नाही. पहिली पिढी मायबोलीत बोलते. दुसरी ती समजते, पण उत्तर परक्या भाषेत देते. आणि तिसरीच्या पदरी आजीच्या तोंडचे चारदोन शब्द व शेजाऱ्यांस उच्चारता न येणारे आडनाव एवढेच उरते. पुढे एखाद्या नातवाच्या किंवा पणतूच्या मनात जिज्ञासा जागी होते. अशा वंशजांस पूर्वजांची संस्कृती पुन्हा प्राप्त करून देता येते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर मध्य युरोपातील हंगेरी देशाचा, म्हणजे मग्यार लोकांचा, इतिहास फार उद्बोधक आहे.

हंगेरीतून अमेरिकेकडे गेलेल्या लोकांची पहिली मोठी लाट 1880 ते 1914 ह्या काळातील. जमिनीवाचून हताश झालेले शेतकरी पेनसिल्व्हानियाच्या कोळशाच्या खाणींत आणि ओहायोच्या पोलादाच्या कारखान्यांत राबू लागले. चार पैसे गाठीस बांधून गावी परतावे आणि शेत घ्यावे, हा पुष्कळांचा बेत होता. कित्येक परतलेही, जे राहिले त्यांनी क्लीव्हलंडसारख्या शहरांत आपले मोहल्ले वसविले. अमेरिकेतील पहिला हंगेरियन रोमन कॅथलिक धर्मपरगणा त्याच शहरात 1892 साली स्थापन झाला. दुसरी लाट 1956 साली आली. त्या वर्षीचा उठाव सोव्हिएट रणगाड्यांनी चिरडल्यानंतर सुमारे 2,00,000 लोकांनी देश सोडला. त्यांतील बहुतेक प्रथम ऑस्ट्रियात आले आणि तेथून जगभर पांगले.

ह्या दोन लाटांच्या मध्ये एक घटना घडली, जिच्यामुळे वंशजांचे काम विशेष अवघड झाले. 4 जून 1920 रोजी त्रियानोंच्या तहावर सह्या झाल्या आणि जुन्या हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश शेजारच्या राष्ट्रांकडे गेला. तीस लाखांहून अधिक मग्यार भाषिक जागचे न हलताच परदेशस्थ झाले. त्यामुळे अमेरिकेतील नातू आजोबांचे गाव शोधू लागला, की ते त्याला आजच्या हंगेरीच्या नकाशावर पुष्कळदा सापडत नाही. मग्यार लोकांचे पोझोन्य, जर्मनांचे प्रेसबुर्ग आणि स्लोव्हाकांचे ब्राटिस्लाव्हा हे एकच शहर. कोलोझ्वार रुमानियात क्लुज झाले. म्हणून साह्य करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे गावाची जुनी-नवी नावे जुळवून देणे. हंगेरीत सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी 1 ऑक्टोबर 1895 पासून सुरू झाल्या. त्यापूर्वीचा वृत्तांत पाहिजे असल्यास चर्चच्या वह्या चाळाव्या लागतात, आणि ती चर्चे आज स्लोव्हाकिया, रुमानिया, सर्बिया, युक्रेन अशा निरनिराळ्या राष्ट्रांत आहेत.

ह्या वह्या कधी कधी अनपेक्षित उत्तर देतात. 1910 च्या शिरगणतीत, क्रोएशिया वगळता, हंगेरीतील निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांची मातृभाषा मग्यार होती. बाकीचे रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब वगैरे होते. देश सोडून गेलेल्यांत तर मग्यारेतरांचा भरणा मोठा होता. आपण शुद्ध मग्यार आहो अशा समजुतीने शोध आरंभणाऱ्याच्या हाती एखादी स्लोव्हाक पणजी लागते. अशा वेळी तिला दडवून वंशाचा अभिमान पोसावयाचा की जे आहे ते सांगावयाचे, ह्यावरच ह्या कार्याची खरी परीक्षा होते.

दुसरी अडचण भाषेची. ही भाषा युरोपातील बहुसंख्य भाषांच्या कुळातली नव्हे. तिचे दूरचे नाते फिनिश भाषेशी आणि जवळचे नाते सैबेरियातील ओब नदीकाठच्या खांती व मान्सी ह्या बोलींशी आहे. केवळ कानावर पडून ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलास येत नाही. म्हणून परदेशस्थ मग्यारांनी शनिवार-रविवारच्या शाळा चालविल्या. त्यांच्या बालवीर पथकांत तंबू ठोकणे, शेकोटी पेटविणे हेदेखील मग्यार भाषेतूनच होते. खेळासाठी आलेले पोर भाषा घेऊन जाते, ही ह्या पद्धतीतील खुबी होय.

परंतु ज्यास भाषा येत नाही त्याच्यासाठीही एक दार उघडे राहिले, ते संगीताचे. बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय हे दोन संगीतकार विसाव्या शतकाच्या आरंभी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडले आणि त्यांनी शेतकऱ्यांची हजारो गाणी टिपली. बार्टोकने तर रुमानियन आणि स्लोव्हाक गाणीही तितक्याच आस्थेने गोळा केली. 1940 मध्ये तो स्वतःच देशत्याग करून अमेरिकेस गेला आणि 1945 साली न्यूयॉर्क येथे वारला. पुढे 6 मे 1972 रोजी बुडापेस्टमधील काही तरुणांनी ‘तांत्सहाझ’ म्हणजे नृत्यघर भरविले. ट्रान्सिल्व्हानियातील सेक गावच्या शेतकऱ्यांचे नाच रंगमंचावर दाखविण्याऐवजी येणाऱ्या प्रत्येकाने स्वतः नाचावे, अशी त्यांची कल्पना होती. ही प्रथा परदेशस्थ मग्यारांतही रुजली, आणि 2011 साली युनेस्कोने वारसा जतन करण्याचा आदर्श मार्ग म्हणून तिची नोंद केली. पाहणारा प्रेक्षकच राहतो. नाचणाऱ्याच्या मात्र पायांत ती परंपरा उतरते.

अलीकडे हंगेरीच्या सरकारनेही ह्यात लक्ष घातले आहे. 2011 पासून वंशजांस, भाषा येत असल्यास, देशात न राहताही नागरिकत्व मिळू लागले. 2017 अखेर अशा नव्या नागरिकांची संख्या 10 लाखांवर पोचली. त्यांना मतदानाचा हक्क मिळाल्याने ह्या जिव्हाळ्यात राजकारणही मिसळले, हे नाकारता येत नाही. 2013 पासून सरकार दूरदूरच्या मग्यार वस्त्यांत तरुण कार्यकर्ते धाडते. ते तेथे भाषा आणि नृत्य शिकवितात. ह्या योजनेला शांदोर चोमाचे नाव दिले आहे.

हे नाव भारतास अपरिचित नाही. मग्यारांचे मूळ आशियात कोठे आहे हे शोधण्यासाठी चोमा 1819 च्या अखेरीस घरून निघाला. लडाखमध्ये पोचल्यावर त्याने तिबेटी भाषेच्या अभ्यासास वाहून घेतले आणि झांस्करच्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत लामांजवळ बसून ग्रंथ वाचले. 1834 साली कलकत्त्यास त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण प्रसिद्ध झाले. 1842 साली ल्हासाच्या वाटेवर असताना दार्जिलिंग येथे त्यास मृत्यूने गाठले. पूर्वजांची भूमी त्यास सापडली नाही. परंतु सापडले त्याचा त्याने प्रामाणिकपणे अभ्यास केला, म्हणून युरोपात तिबेटी विद्येचा पाया घातला गेला. त्याचे जन्मगावही आज रुमानियाच्या हद्दीत आहे.

जुन्या वह्या उलगडणाऱ्या नातवास ह्याहून चांगला वाटाड्या मिळणे कठीण. त्याला साह्य करू इच्छिणाऱ्याने गावाचे खरे नाव, पणजीची खरी बोली आणि गळ्यावर चढेल असे एखादे गाणे एवढे त्याच्या हाती द्यावे. रक्ताच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र त्या वह्यांत नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही.