गिरणगावातील शाळा आणि केसपेपर : विशेष गरजा असलेल्या बालकांच्या साहाय्याचा इतिहास (लोअर परळच्या संदर्भात)

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास प्रामुख्याने गिरण्या, संप आणि कामगार संघटना यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. चाळीतील कुटुंब आणि त्या कुटुंबातील शाळेत न रमणारे, न टिकणारे मूल या इतिहासात क्वचितच आढळते. लोअर परळ व त्याच्या आसपासच्या भागात विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या बालकांना साहाय्य कोठे मिळाले आणि त्यासाठी पालकांना कोणत्या दारातून आत जावे लागले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे दार बहुतेक वेळा रुग्णालयाचे होते, असे घटनाक्रमावरून दिसते.

मुंबईत अशा बालकांच्या शिक्षणाचा प्रारंभ मिशनऱ्यांच्या हातून झाला. बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. अंधत्व किंवा बहिरेपण ओळखता येत होते आणि त्यावरील अध्यापनपद्धती युरोपात तयार होती. बुद्धीची वाढ मंद असलेल्या, अथवा बुद्धी चांगली असूनही अक्षरे न जुळवता येणाऱ्या मुलासाठी मात्र तेव्हा या शहरात काहीही नव्हते.

१९२५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने एफ आणि जी या दोन विभागांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. परळ, शिवडी, वरळी हा कामगारवस्तीचा भाग याच विभागांत मोडत होता. गिरणी कामगाराचे मूल शाळेत आलेच पाहिजे, हा विचार त्या काळाच्या मानाने पुरोगामी होता. तथापि सक्तीच्या शिक्षणाच्या तत्कालीन कायद्यांत शारीरिक वा मानसिक दुर्बलता हे गैरहजेरीचे सबळ कारण मानण्याची रूढी होती. पालकाला दंडातून सूट मिळत होती. मुलाला त्या बदल्यात काय मिळावे, याचा विचार कायद्याने केलेला नव्हता. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (स्थापना १९११) या परिसरात रात्रशाळा व वाचनालये चालविली. परंतु तो खटाटोप शिकू शकणाऱ्या, पण संधी हुकलेल्या माणसांसाठी होता.

याच सुमारास परळला दोन मोठी रुग्णालये उभी राहिली : १९२६ मध्ये के. ई. एम. आणि १९२९ मध्ये लहान मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. फिट येणारे, उशिरा चालणारे, बोलायला न लागणारे मूल घेऊन आई तेथे जाऊ शकत होती. शाळेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव नव्हते त्याच्या नावाचा केसपेपर मात्र निघत होता. यात एक मर्यादा होती. डॉक्टर व्याधीचे नाव सांगू शकत; मुलाला उद्या सकाळी कोठे पाठवावे, हे सांगणे त्यांच्या हाती नव्हते.

हा प्रश्न पालकांनीच हाती घेतला. आपल्या मुलीसाठी योग्य शाळा नाही हे पाहून जय वकील आणि होरमसजी वकील यांनी १९४४ मध्ये स्वतःच्या घरी शाळा सुरू केली. पुढे ती परळच्या पूर्वेस शिवडीला स्थिरावली. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तीही मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मुलीच्या शिक्षणाच्या गरजेतून. या दोन्ही उपक्रमांचे श्रेय कमी न करता एक गोष्ट नोंदवली पाहिजे. घरात शाळा काढण्यासाठी आधी तेवढे घर असावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सात माणसे राहणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग खुला नव्हता. तेथे आधार होता तो चाळीच्या गॅलरीचा. आई कामाला गेली तरी मुलाकडे शेजारणीचे लक्ष असे. अर्थात याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण लक्ष ठेवणे म्हणजे शिकविणे नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि हा आधारही खिळखिळा झाला. ज्या घरात धडधाकट मुलांच्या शाळा सुटल्या, तेथे अशा मुलाच्या वाट्याला काय आले असेल, याचा तर्क करणे कठीण नाही.

१९९६ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या : जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. सवलतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक होते आणि ते देण्याचे काम शीव व नायर यांसारख्या महापालिका रुग्णालयांकडे आले. म्हणजे शिक्षणाचा प्रश्न पुन्हा बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहिला. शिवाय निदानाच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अनुरूप होत्या. मराठी शाळेतील मूल ‘ढ’ ठरत राहिले. त्याची अडचण मोजण्याचे साधनच अपुरे होते. मराठीसह भारतीय भाषांतील ‘डाली’ ही चाचणीमालिका उपलब्ध झाली ती २०१५ मध्ये, म्हणजे सवलतींनंतर १९ वर्षांनी. या काळात मराठी माध्यमातील किती मुले दहावीच्या आधीच गळाली, याचा हिशेब कोठेही ठेवला गेला नाही.

२००१ मध्ये विकास-बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ ही संस्था सुरू केली. पुढे तिचे केंद्र लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवर आले. त्याच २००१ साली गिरण्यांच्या जमिनीसंबंधीचा नियम बदलला गेला आणि मोकळ्या जागा व सार्वजनिक घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन आक्रसली. बदललेला नियम २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. कार्यालयीन इमारती आणि मॉल यांच्या या परिसरात ‘उम्मीद’ने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांवरील उपचारांबरोबरच वस्त्यांमधील कार्यकर्त्यांना बालविकासाचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. गॅलरीतील शेजारणीजवळ जे ज्ञान नव्हते, ते वस्तीपर्यंत पोहोचविण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश २१ प्रकारांच्या यादीत केला. किमान ४० टक्के अक्षमता प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. हे ४० टक्के ठरविणारे मंडळ रुग्णालयातच बसते आणि तेथे जाण्यासाठी पालकाला आजही प्रथम केसपेपर काढावा लागतो.