परवाना परीक्षेतील यशाचा पूर्वअंदाज (परिचर्या शिक्षण)

नर्सिंगच्या विद्यार्थ्याचे आधीचे गुण, सराव परीक्षा आणि वॉर्डातील काम यांवरून तो परवाना परीक्षा उत्तीर्ण होईल का, याविषयी बांधलेला अंदाज. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत वाढली. तेथे पदवी हाती असली तरी ‘एनक्लेक्स-आरएन’ उत्तीर्ण झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

महाराष्ट्रात अशी वेगळी परीक्षा नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. पनवेल महानगरपालिका हद्दीतील कामोठे येथे एमजीएम संस्थेचे नर्सिंग महाविद्यालय आहे. ते अभिमत विद्यापीठाचे असल्याने त्याची परीक्षा हे विद्यापीठच घेते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची परीक्षा ते विद्यापीठ घेते. वेगळ्या परवाना परीक्षेची अशी सवय नसल्याने अमेरिकेत जाणाऱ्या पनवेलच्या नर्सला एनक्लेक्स ही अगदी नव्या तऱ्हेची परीक्षा वाटते. संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडतो; प्रश्न ८५ ते १५० असतात. उमेदवार पात्रतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल, असे प्रश्न येतात. एप्रिल २०२३ पासून रुग्णाच्या केसवर आधारलेले प्रश्नसंचही असतात. पाठांतर येथे अपुरे पडते.

अंदाजासाठी एकूण गुण, शरीररचना व शरीरक्रिया यांसारख्या विषयांतील गुण आणि ‘हेसी’सारख्या अंतिम सराव चाचण्या वापरतात. त्यांची मोठी उणीव अशी, की उत्तीर्ण होणारे त्यांतून बऱ्यापैकी ओळखू येतात, नापास होणारे मात्र फारसे नाहीत. बहुतेक उमेदवार उत्तीर्णच होत असतील, तर ‘हा होईल’ हे भाकीत सहसा खरेच ठरणार. तरीही काही अमेरिकी संस्थांनी कमी गुणांच्या विद्यार्थ्यांची पदवी अडवून धरली. त्यामुळे संस्थेचा निकाल चांगला दिसला, पण विद्यार्थ्याचे वर्ष गेले. या वापराविरुद्ध तेथील नॅशनल लीग फॉर नर्सिंगने २०१२ मध्ये न्याय्य चाचणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

आपल्याकडे अंतिम परीक्षेसाठी असा अंदाज बांधायचा, तर आणखी एक अडचण भाषेची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला विषय कळलेला असतो, पण इंग्रजी प्रश्नातला ‘एक्सेप्ट’ (सोडून) हा एक शब्द नजरेतून निसटतो. तिचे कमी गुण विषयाचे की भाषेचे, हे आकडा सांगत नाही. वॉर्डात तिच्यासोबत उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेलाच ते कळते. पहिल्या सत्रात मागे पडलेल्या मुलीला तेव्हाच जादा तास द्यावेत. तिचा परीक्षेचा फॉर्म अडवण्यासाठी हा अंदाज वापरू नये.