नित्याच्या वेगातील कालविस्ताराचे गणित

आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या विशिष्ट सापेक्षतावादानुसार गतिमान घड्याळ स्थिर घड्याळाहून मंद चालते. नित्याच्या वेगांसाठी वर्गमूळाचे मूळ सूत्र वापरल्यास साध्या गणकयंत्रावर हा फरक शून्य दिसतो. कारण तो यंत्राच्या अंकमर्यादेपलीकडचा असतो. द्विपद प्रमेयाने ही अडचण टळते : वेगाच्या वर्गास प्रकाशवेगाच्या वर्गाच्या दुपटीने भागले की पुरे. मंचरहून भीमाशंकरला सेकंदास १० मीटर वेगाने जाऊन त्याच वाटेने परतणाऱ्या एस. टी. गाडीतील घड्याळ, चार तासांच्या प्रवासात, केवळ वेगामुळे सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आठपट मागे पडेल. पृथ्वीच्या परिवलनाशी निगडित पद जाता-येता रद्द होते.

तथापि हे गणित अपुरे आहे. विषुववृत्तावरील घड्याळ ध्रुवावरील घड्याळाहून मंद चालेल, असे अनुमान १९०५ च्या निबंधात होते. गुरुत्वाकर्षणाचाही घड्याळाच्या गतीवर परिणाम होतो, हे आइनस्टाइन यांनी १९०७ साली दाखविले. पृथ्वीच्या फुगवट्यामुळे समुद्रसपाटीवर हे दोन परिणाम परस्परांस छेदतात व ते अनुमान लटके पडते. भीमाशंकरच्या चढावरही हाच विचार लागू होतो. वरील गाडीचे वेगजन्य मंदत्व अवघ्या ५ मीटर उंचीने भरून निघते; १०० मीटर उंचीचा परिणाम त्याच्या सुमारे वीसपट व उलट दिशेचा असतो.

हाफेले व कीटिंग यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रवासी विमानांतून सीझियम घड्याळे पृथ्वीभोवती फिरविली. येथे परिवलनाचे पद रद्द होत नाही. म्हणून पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. २०१० साली अमेरिकेतील बोल्डर येथे अ‍ॅल्युमिनियम आयनांच्या घड्याळांनी सेकंदास १० मीटरांहून कमी वेगाचा व ३३ सेंटिमीटर उंचीचा परिणामही मोजला.

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीस हे गणित टाळता येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिचा वेग व सूर्यापासूनचे अंतर वर्षभर बदलते. परिणामी पृथ्वीवरील घड्याळ एकसमान काळाच्या मानाने सुमारे १.७ सहस्रांश सेकंद मागेपुढे होते. स्पंदकांच्या नोंदींतून ही दोलने वजा केल्याखेरीज जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या गुरुत्वीय तरंगांच्या पुराव्यास, ज्यात या दुर्बिणीच्या नोंदींचा वाटा होता, आधार उरला नसता. कालविस्ताराचे मान वेगाने ठरते. ते उपेक्षणीय की अपरिहार्य, हे मात्र मापनाच्या सूक्ष्मतेवर अवलंबून असते.