शर्यतीची छकडी: सातारा-सांगलीच्या माळावरचे वाहन

बैलांच्या शर्यतीसाठी मुद्दाम बनवलेल्या दोन चाकांच्या हलक्या गाडीला सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागात छकडी किंवा छकडा म्हणतात. जू, लांब दांडी, दोन चाके आणि हाकणाऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढी जागा, इतकाच तिचा पसारा. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा चढाच्या घाटात पळतो, एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची वेळ घड्याळावर मोजली जाते. विदर्भातील शंकरपट हाही बैलांच्या शर्यतीचाच प्रकार. सातारा-सांगलीकडे मात्र सपाट माळावर अनेक छकड्या एकाच वेळी शेजारी शेजारी सुटतात.

छकडीचे मूळ मालाच्या गाडीत आहे आणि मालाच्या गाडीच्या आधी ओझ्याचा बैल होता. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील पाटण हे गाव कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर, कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणाऱ्या वाटेवर वसलेले आहे. चिपळूण हे वाशिष्ठी खाडीवरचे बंदर. कोकणचा माल या वाटेने देशावर चढे आणि देशावरचा माल खाली उतरे. गाडीरस्ता होण्याआधी अशा घाटवाटांवरची वाहतूक पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे करत. रस्ते झाले तशी ओझी बैलाच्या पाठीवरून गाडीवर आली आणि गाडी बनवणारे सुतार-लोहार गावगाड्याला अधिकच गरजेचे झाले.

जुन्या गाडीचे चाक हा या कारागिरांच्या कौशल्याचा कस असे. मध्ये लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांना बाहेरून जोडणारे बाकदार लाकडी तुकडे आणि सर्वांभोवती लोखंडी धाव, अशी त्याची रचना. चाकासाठी चिवट बाभळीच्या लाकडाला पसंती असे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करत. ती विस्तवात तापवली की प्रसरण पावे. लालभडक असतानाच चाकावर चढवून वरून पाणी ओतले की आकसून लाकूड घट्ट आवळून धरी. खिळ्यांपेक्षा या आवळण्यावरच चाकाचा टिकाव अवलंबून असे. ओझ्याच्या गाडीला मजबुती हवी, तर शर्यतीच्या गाडीला हलकेपणा. म्हणून छकडीत साटा आणि कठडे गेले, उरलेला सांगाडाही बारीक झाला आणि पुढे लाकडाबरोबर लोखंडही आले.

पण छकडीचा खरा वेग बैलात असतो. या भागातील शर्यतीचा बैल म्हणजे खिल्लार. साताऱ्यातील माण-खटाव, सांगलीतील आटपाडी-जत आणि सोलापुरातील सांगोला-पंढरपूर हा या जातीचा प्रदेश. कमी पाऊस, उघडे माळ आणि मोजका चारा यांत ही जात घडली. सडपातळ बांधा, लांब मागे वळलेली शिंगे, कणखर खूर आणि तापट स्वभाव ही तिची ओळख. आटपाडी आणि म्हसवड ही नावे खिल्लारच्या प्रकारांशीच जोडली गेली आहेत. खरसुंडी आणि म्हसवड येथील सिद्धनाथाच्या यात्रा आणि पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा या जनावरांच्या बाजारांसाठी प्रसिद्ध आहेत. बाजाराला आलेला बैल पळतो कसा, हे पाहण्याची ओढ आणि यात्रेची गर्दी यांतून शर्यतीला जागा मिळाली. आषाढातील बेंदराला बैलाची पूजा आणि सुगीनंतरच्या यात्रेत त्याची धाव, असा वर्षाचा क्रम बसला.

शर्यतीच्या जागेला आणि स्पर्धेलाही मैदान म्हणतात. माळावर प्रत्येक गाडीसाठी आखलेली वाट म्हणजे चाकोरी. कोणाला कोणती चाकोरी येणार हे चिठ्ठ्यांनी ठरते. झेंडा पडला की गाड्या सुटतात. आधी गट, मग सेमी आणि शेवटी फायनल असा क्रम असतो. बैलांचे वय दातांवरून ओळखतात: दुधाचे दात असलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. काही मैदाने आरत-परत, म्हणजे ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परत येण्याची असतात. एक बैल असलेले दोन शेतकरी नांगरटीला आपापला बैल देऊन जोडी जुळवत. या पद्धतीला पैरा म्हणतात. शर्यतीतही दोन मालकांचे बैल एका जुवाखाली आणण्याला हाच शब्द आहे.

शर्यतीला क्रौर्याची बाजूही होती. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे अशा प्रकारांमुळे ती वादात सापडली. 11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते आणि त्यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

या वादाच्या आधीच बैलाचे शेतातले स्थान हलले होते. नांगरटीला ट्रॅक्टर आला, घाटातली वाहतूक मोटारींकडे गेली. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायरची गाडी आली आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तिच्यावर ऊस वाहिला जाऊ लागला. पाटण तालुक्यातही मरळीच्या दौलतनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बक्षिसांवरही काळाचा ठसा उमटला. रोख रक्कम, ढाल आणि गदा यांच्या जोडीला मोटारसायकली आल्या. 2023 मध्ये खानापूर तालुक्यातील भाळवणीच्या मैदानात थार मोटार ठेवण्यात आली.

महाराष्ट्रात वाहनांचा इतिहास काही संग्रहालयांनी जपला आहे. अहिल्यानगरला 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, पुण्यात कर्वेनगरला सायकलींचे आहे आणि मुंबईत बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयात ट्राम-बसच्या आठवणी आहेत. शर्यतीची मोटार थांबली तरी तिचे इंजिन काचेआड ठेवता येते. छकडीबाबत तसे होत नाही, कारण तिचा वेग बैलाबरोबर संपतो. मागे राहतात त्या वस्तू बैलमालकांच्या घरीच असतात: भिंतीवरच्या ढाली, चौकटीतले बैलाचे छायाचित्र, घुंगरमाळ, झूल आणि गोठ्याला टेकवलेले जुने चाक. त्यांच्यासोबत कोणता बैल कोणत्या मैदानात कोणाच्या पैऱ्यात पळाला, याची तोंडी नोंद असते. या वस्तू आणि ही नोंद एकत्र ठेवली, तरच छकडीचा इतिहास पूर्ण होतो.