लीलाबाईंचे पांढरे केस

आमच्या लहानपणी टीव्हीवर ‘आवारा’ लागला की महालातल्या आमच्या घरात एक ठरलेला प्रसंग घडे. राज कपूरची सोशिक आई पडद्यावर आली की घरातल्या समस्त बायका पदर डोळ्यांकडे नेत, आणि नेमकी तेव्हाच आजी फणकारे, "काहून केली रे हिला म्हातारी? आमची लीला चिटणीस आहे ती!"

आम्ही हसत असू. पुढे बँकेत चिकटल्यावर तारखा मांडून व्याज काढायची खोड लागली, तेव्हा एकदा आजीची तक्रारही वहीत मांडून पाहिली.

लीलाबाई मूळच्या धारवाडच्या, माहेरच्या नगरकर. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. लग्न अगदी लहान वयात झालं, डॉ. चिटणिसांशी. चार मुलं झाली आणि पुढं संसार मोडला. बाईंनी शाळेत शिकवलं, नाटकात कामं केली आणि मग सिनेमा धरला. 1937 च्या ‘जंटलमन डाकू’मध्ये त्या मर्दानी पोशाखात वावरल्या. जाहिरात मात्र पोशाखाची नाही, पदवीची झाली : पडद्यावरची महाराष्ट्रातली पहिली पदवीधर सोसायटी-लेडी! (आमच्या बी.कॉम.ची जाहिरात आयुष्यात एकदाच झाली. लग्न ठरवताना. तीही आईनं केली.)

मग बॉम्बे टॉकीज. देविकाराणीच्या जागी अशोककुमारसमोर उभं राहायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण ‘कंगन’ 1939, ‘बंधन’ 1940, ‘झूला’ 1941 – जोडी अशी जमली की डोळ्यांनी बोलायला आपण लीलाबाईंकडून शिकलो, हे खुद्द अशोककुमारनं कबूल केलं. 1941 मध्येच त्या लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर त्या साबणावर हॉलीवुडच्या गोऱ्या बायांची मक्तेदारी होती. ती मोडणारी पहिली भारतीय नटी ही.

आता वही उघडतो. ‘झूला’ 1941. ‘शहीद’ 1948, त्यात लीलाबाई कोण? दिलीपकुमारची आई. मध्ये वर्षं गेली सात! सात वर्षांत आमच्याकडे कारकुनाचा हेडक्लार्क होत नाही. आणि अशोककुमार? 1949 च्या ‘महल’मध्ये ते सोळा वर्षांच्या मधुबालासाठी झुरत होते. एकाच सिनेमातली दोन खाती, पण व्याज सगळं त्यांच्या नावे जमा आणि बाईंच्या नावे नुसता घसारा.

हॉलीवुडात असंच होतं म्हणावं, तर तिकडची मार्लिन डीट्रिश आडवी येते. जन्म 1901 चा. 1957 मध्ये ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये ती टायरोन पॉवरची बायको झाली, आणि तो तिच्याहून बारा वर्षांनी धाकटा! तिला कुणी खोकायला लावलं नाही.

लीलाबाईंची गंमत अशी, की ‘शहीद’मधली आई त्यांनी फार चांगली केली. हीच चूक. काम चांगलं केलं की तेच टेबल कायमचं गळ्यात पडतं, हे आमच्या बँकेत नवा शिपाईही जाणतो. 1951 ला राज कपूर, 1961 च्या ‘गंगा जमना’त पुन्हा दिलीपकुमार, 1965 च्या ‘गाईड’मध्ये देव आनंद – तिघांची आई एकच. मध्यंतरी 1955 ला ‘आज की बात’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, पण ते सांगायला कुणाला सवड नसते. 1981 मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिलं. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि 2003 मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला वारल्या.

तर ही वही मी आजीला वाचून दाखवली. वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "हिशेब कशाला पाहिजे? ‘झूला’ पाहिला तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. ती म्हातारी झाली, तर मग मी कोण रे?"

दुसऱ्या दिवशी न्हाताना तिनं शिकेकाई बाजूला सारली आणि माझ्या बहिणीकडून लक्सची वडी मागून घेतली.