ज्याचा फोन, त्यालाच पत्ता नाही

जुलै २०२१मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ साली, म्हणजे ते खासदार असताना, त्यांचा फोन टॅप होत होता. कागदोपत्री तो नंबर ‘अमजद खान’ या नावावर दाखवला होता. सरकारने चौकशी समिती नेमली. फेब्रुवारी २०२२मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

खटला तिथे संपला, पण एक प्रश्न उरतोच. जी गोष्ट खासदाराला चार वर्षांनी आणि सरकार बदलल्यावर कळते, ती आपल्याला कधी कळणार?

याचं उत्तर १८८५च्या टेलिग्राफ कायद्यापर्यंत मागे जातं. त्याच्या कलम ५ने सरकारला संदेश अडवायचा अधिकार दिला. तो कसा वापरायचा याची कार्यपद्धती मात्र शंभर वर्षं कुणी ठरवली नाही. डिसेंबर १९९६मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती घालून दिली. गृहसचिवांचा आदेश हवा, एका आदेशाची मुदत दोन महिने, एकूण सहा महिन्यांच्या वर नाही आणि प्रत्येक आदेश आढावा समितीपुढे जायला हवा. यात सचिव आहेत, समिती आहे, कंपनी आहे. फक्त ज्याचा फोन आहे, तो कुठेच नाही.

२००७च्या नियम ४१९अने हीच चौकट पक्की केली. टॅपिंग थांबल्यावर कंपनीने दोन महिन्यांत त्या आदेशाच्या नोंदी नष्ट करायच्या, तेही पूर्ण गुप्तता पाळून. आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटा कुणी पाहिला याचा लॉग जपून ठेवतो. इथे लॉगच पुसायचा नियम आहे.

हे झालं बोलणं ऐकण्याबद्दल. कॉल रेकॉर्ड, म्हणजे कुणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून फोन केला, हे मिळवणं त्याहून सोपं. त्याला गृहसचिवांची सही लागत नाही, पोलिसांची लेखी मागणी पुरते. डिसेंबर २०२१पासून कंपन्यांना हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं जपावे लागतात.

२०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ‘माझा डेटा कुणाकुणाला दिला’ हे विचारायचा हक्क लिहिला आहे. कलम ११मधला तो हक्क वाचून बरं वाटतं. पण त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात सूट आहे: गुन्ह्याच्या तपासासाठी अधिकृत यंत्रणेने लेखी मागणी केली असेल, तर हे सांगायचं बंधन नाही.

आधी सांगितलं तर गुन्हेगार सावध होईल, हे खरंच. पण नंतर सांगायला काय हरकत आहे? अमेरिकेत १९६८च्या कायद्याप्रमाणे टॅपिंगची मुदत संपल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधिताला कळवावं लागतं, न्यायाधीशांनी मुदत वाढवून दिली नसेल तर.

कळण्याने काय फरक पडतो, हे मुंबईतल्या एका उद्योजकाच्या प्रकरणात दिसलं. त्याच्यावर आरोपपत्र आलं, म्हणून त्याला टॅपिंगचे आदेश दिसले आणि आव्हान देता आलं. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही आदेश बेकायदा ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवला जातो, त्याला निदान कोर्टात जाता येतं. ज्याच्याविरुद्ध काहीच सापडत नाही, त्याला मात्र कधीच काही कळत नाही.